घुं थांबली तेव्हा

माझ्या नवऱ्याचं नाव प्रफुल्ल. चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण इथे ‘तो’च म्हणणार आहे. एवढ्या भित्र्या माणसाला बहुवचन शोभत नाही. आणि हे मी चिडवायला म्हणते असं नाही. म्हणजे थोडं चिडवायलाही म्हणते, पण त्याच्या भीतीबरोबर मी संसार केलाय, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

बोरी अरबमध्ये त्याला सगळे माइकवाला म्हणून ओळखतात. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा टेस्टर ठेवतो. कुणाच्या घरी गेलं आणि बसायला लोखंडी खुर्ची आली की आधी तिला टेस्टर लावणार, मग बसणार. माझ्या माहेरी पहिल्यांदा असं केलं तेव्हा माझ्या वहिनीला वाटलं की जावई खुर्ची आपल्या गावची आहे की चोरीची ते तपासतायत. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर पत्र्याचे कूलर लागतात. आमच्या घरी कूलरमध्ये पाणी भरायचं म्हणजे एखादं ऑपरेशन असतं. प्लग काढायचा, हात पुसायचे, पायात चप्पल घालायची, लेकीने लांब उभं राहायचं. कूलरला चिकटून कुणी गेल्याची बातमी पेपरात आली की ती तो मोठ्याने वाचून दाखवतो, तीही नेमकी जेवताना. फ्रीजच्या मुठीला कापड बांधलेलं आहे. घरात आम्ही सगळे रबरी चपला घालून फिरतो, आणि माझ्या सासूबाई कांताबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, रोज एकदा तरी म्हणतात, “घर हाय का बसस्टँड हाय हे?”

धंद्यातही तेच. कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचला की हा आधी भोंगे चढवत नाही, कुदळ काढतो. खड्डा खणतो, त्यात लोखंडी सळई ठोकतो, मीठ आणि कोळसा टाकतो, वरून घागरभर पाणी ओततो, आणि तिथून जाड तार काढून ॲम्प्लिफायरला जोडतो. ही त्याची अर्थिंग. नवरदेवाकडचे लोक हसतात. “माइक लावाले आलास का विहीर खनाले?” असं एकाने विचारलं होतं. माइकच्या दांड्यावर त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली आहे. वक्त्याला ते काळं रबर धरायला आवडत नाही, पण ट्यूब काढली की हा माइकच काढून घेतो. मागे एका पुढाऱ्याच्या हातातून भाषण चालू असताना घेतला होता.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि मी हसतेही. पण माझं हसणं फार वेळ टिकत नाही, कारण यामागचं खरं मला माहीत आहे.

प्रफुल्लला एक धाकटा भाऊ होता. रवी. दोघं मिळून माइकचं काम करायचे. प्रफुल्ल तारा जोडायचा आणि रवी बोलायचा. “हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणायला रवीला जितका आनंद व्हायचा तितका काही लोकांना स्वतःच्या लग्नात होत नाही. टेस्टिंगच्या नावाखाली तो अख्ख्या मांडवाची थट्टा करायचा, आणि ज्याची थट्टा होई तोच येऊन त्याला चहा पाजायचा.

आमची दीपा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. जवळच्या तांड्यावर देवीलालच्या मुलीचं लग्न होतं. भर दुपार. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी शिंपडलेलं. माइक लावला आणि भोंग्यातून नुसती घुंऽऽ यायला लागली. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना सांगायला नको. शब्दाच्या मागे एक मोठा भुंगा बसल्यासारखा आवाज असतो तो. पाहुणे ओरडायला लागले. लग्नाची वेळ झालेली. अशा वेळी आमच्या भागातल्या कुठल्याही माइकवाल्याला एक इलाज येतो, आणि तो कुणाला शिकवावा लागत नाही. ॲम्प्लिफायरच्या प्लगला तीन पिना असतात. वरची जाडी पिन अर्थची. ती पकडीने मोडून टाकायची. घुं थांबते.

प्रफुल्लने पिन मोडली. घुं थांबली. आवाज असा साफ आला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रवीने मांडवाबाहेर चपला काढल्या, ओल्या मातीत उभा राहिला आणि माइक हातात घेतला. “हॅलो” म्हणाला. पुढचा शब्द आलाच नाही.

ॲम्प्लिफायर जुना होता. त्याच्या आतला करंट बाहेरच्या पत्र्यावर येत होता आणि तिथून माइकच्या दांड्यावर. अर्थची पिन असती तर तो जमिनीत गेला असता. पिन नव्हती, म्हणून तो रवीतून गेला.

ती मोडलेली पिन प्रफुल्लने खिशात घातली. पोलीस आले, पंचनामा झाला, तोवर त्याने दुसरा प्लग लावून टाकला होता. सगळ्यांनी वर पाहिलं तर देवीलालच्या घरातलं वायरिंग जुनं, जागोजागी चिकटपट्ट्या. झालं, ठरून गेलं. देवीलालच्या मीटरमध्येच खोट होती. प्रफुल्ल काही बोलला नाही. मला त्याने पुढे कधीतरी सांगितलं, कूलरमध्ये पाणी भरताना, माझ्याकडे न बघता. आईला मात्र नाही.

कांताबाईंनी देवीलालला धरलं ते धरलंच. तो तुरीचं पोतं घेऊन दारात आला होता, ते त्यांनी परत पाठवलं. त्याने सगळं वायरिंग नवं करून घेतलं, तरी त्यांचा राग गेला नाही. एकदा आम्ही तांड्यावरून जात होतो, उन्हाने त्यांना भोवळ आली, देवीलालची बायको सुखीबाई तांब्या घेऊन धावत आली. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. म्हणाल्या, “ज्या घरानं माह्या लेकाले खाल्लं त्या घरचं पानी मी मरताना बी पेनार नाही.” सुखीबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. बाजारात देवीलाल भेटला की लांबूनच हात जोडतो. प्रफुल्लपुढेही हात जोडतो, आणि प्रफुल्ल जमिनीकडे बघतो. ते मला बघवत नाही. मी किती वेळा सांगितलं, माय आहे ती, सांगून टाका. तो म्हणायचा, “माय मरून जाईन साधना. दुसरा लेक बी गेला म्हणंन.”

म्हणजे त्याच्या मनात दोन भीती आहेत, आणि त्या एकमेकींच्या जिवावर जगतात. एक करंटची, एक आईची. पहिली तो सगळ्या गावाला दाखवत फिरतो, म्हणून दुसरी कुणाला दिसत नाही.

त्या दिवसापासून त्याचा घुंवर विश्वास बसला. हे जरा विचित्र आहे, पण त्याचा हिशोब साधा होता. अर्थ होती तेव्हा घुं होती. अर्थ तोडली तेव्हा घुं गेली आणि रवी गेला. म्हणून घुं आहे म्हणजे अर्थ आहे, आणि अर्थ आहे म्हणजे माइक धरणारा माणूस जिवंत आहे. बाकीचे माइकवाले घुं घालवायला धडपडतात, हा घुं ऐकली की निवांत बसतो. लोक म्हणायचे, याच्या माइकमध्ये भुंगा आहे. हा म्हणायचा, “भुंगा हाय तोवर बोला बिनधास्त.”

आता दीपाकडे येते. आमची लेक यवतमाळला डिप्लोमा करते. गेल्या उन्हाळ्यात ती एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आली. कॉम्प्युटर म्हणजे काय, एक उघडी हिरवी पाटी, पत्त्यांच्या कॅटाएवढी. सिंगल बोर्ड म्हणतात त्याला. तो तिने आमच्या विहारात बसवला. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी तो आपोआप वंदना लावतो, आणि विहारातल्या टीव्हीवर तिचे शब्द मोठ्या अक्षरात येतात, म्हणजे लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर म्हणता येतं. वंदनेचा आवाज जायचा तो बोर्डाच्या हेडफोनच्या भोकातून निघून, वायरीने थेट प्रफुल्लच्या ॲम्प्लिफायरमध्ये.

आणि घुं आली. अशी आली की वंदना राहिली बाजूला. बोर्डाची वायर ॲम्प्लिफायरला लागलेली असली की माइकवर कुणी बोललं तरी तीच घुं. गावातली माणसं कुरकुरायला लागली. प्रफुल्ल एकटाच खूश. लेकीच्या यंत्रातसुद्धा अर्थ नीट आहे, असं त्याला वाटलं.

दीपा म्हणाली, “बाबा, ही चांगली खूण नाही. तुमच्या ॲम्प्लिफायरची अर्थ एक, आणि टीव्हीला गच्चीवरच्या डिशची वायर येते, तिची दुसरी. माझा बोर्ड त्या टीव्हीला जोडलाय. दोन्ही अर्थ माझ्या ऑडिओच्या वायरीतून भांडून राह्यल्या. तो त्यांच्या भांडणाचा आवाज आहे.”

“भांडू दे,” प्रफुल्ल म्हणाला. “भांडन हाय म्हंजे दोघी जित्या हाय.”

मग तिने इलाज सांगितला. बोर्डावर एक छोटी पाटी बसवायची. ती आवाजाचे आकडे उजेडाने बाहेर पाठवते. वायरीच्या जागी एक पारदर्शक दोरा, त्याच्यातून फक्त लाल उजेड जातो. पलीकडे ॲम्प्लिफायरजवळ एक लहान डबी, ती उजेड वाचून त्याचा परत आवाज करते. याला डिजिटल आउटपुट म्हणतात. दोऱ्यात तांबंच नाही, तर करंट जाणार कसा? दोन अर्थ एकमेकींना भेटणारच नाहीत, मग भांडण कसलं? आणि पिन जशी आहे तशीच राहील.

मला ते लगेच पटलं. मी अंगणवाडी चालवते. दोन पोरं भांडत असली की मीही त्यांना दोन कोपऱ्यांत बसवते.

प्रफुल्लला पटलं नाही. म्हणजे डोक्याला पटलं असावं, पण हाताला नाही. तो म्हणाला, “घुं गेली तर मले समजंन कसं, अर्थ हाय का नाही?”

“टेस्टरनं पाहा ना,” दीपा म्हणाली.

“टेस्टर आत्ताचं सांगते. घुं सारखी सांगत राह्यते.” मग आवाज चढवून म्हणाला, “त्या पाटीले हात लावजो नोको. तुले माही आन हाय.”

दीपा गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, ती ऐकणार नाही. या बाबतीत ती माझ्यावर गेलीय.

वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन होतं, आणि आमच्याकडे ते कांताबाई करतात. त्या प्रौढवर्गात वाचायला शिकल्या. अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द तोलून वाचतात. आवाज बारीक, म्हणून माइक जवळजवळ ओठाला लावावा लागतो. माइकचा स्टँड मानेत ढिला आहे, तेव्हा दांडा हातातच धरतात. विहारात चपला चालत नाहीत. बायका फरशी रोज धुतात. आता तुम्हीच बघा. अनवाणी म्हातारी, ओली फरशी, हातात माइक, ओठ जाळीला टेकलेले. प्रफुल्ल रोज वाचनाच्या वेळी दाराशी उकिडवा बसायचा आणि पोथीकडे कान न देता घुंकडे कान द्यायचा. ज्या लेकाला माइकने नेलं त्याची आई रोज माइक हातात घेते, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “माइकचा काय दोष? दोष त्या घराचा.”

श्रावणातल्या पौर्णिमेसाठी दीपा घरी आली होती, आणि आदल्या दिवशी बेबीताई आमच्याकडे आल्या. त्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, बाई मोठ्या मनाची, पण तोंडाने फटकळ. म्हणाल्या, “प्रफुल्लभाऊ, उद्या बाहेरगावचे लोक येऊन राह्यले. त्या भुंग्याचं काहीतरी करा. आमचा पोरगा गोपाल म्हणे, एक पिन मोडली का झालं. तुमाले टाइम नसंन तर तो करून देते.”

प्रफुल्लच्या हातातला चहा हिंदकळला. “पिनीले कोनी हात लावला तर माह्यासारखा वाईट नाही,” तो एवढ्या मोठ्याने ओरडला की बेबीताई चहा तसाच ठेवून उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “माइक विहाराचा हाय का तुमचा?”

पौर्णिमेला सकाळी दारव्ह्याच्या दवाखान्यात माझी तपासणी होती. दुपारी वाचनाच्या आधी परत येऊ म्हणून आम्ही मोटरसायकलवर गेलो. दवाखान्यात उशीर झाला. परत येताना गावाच्या अलीकडच्या पुलावर पोचलो तर विहाराचा भोंगा ऐकू आला. वाचन सुरू झालं होतं. वारा आमच्या दिशेने होता. आत्याबाईंचा एकेक शब्द स्पष्ट, धुतलेल्या तांदळासारखा वेगळा.

मी मागून म्हटलं, “किती छान ऐकू येऊन राह्यलं आज!”

त्याने ब्रेक असा मारला की मी त्याच्या पाठीवर आदळले. गाडी पुलावरच उभी. त्याने हेल्मेट काढलं आणि मान तिरकी करून ऐकायला लागला. मी त्याचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते.

“घुं नाही,” तो म्हणाला. “साधना, घुं नाही.”

तेव्हा मला कळलं, तो कशाला घाबरलाय. कुणीतरी पिन मोडली होती.

त्याने दीपाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. विहारात ती फोन आवाज बंद करून ठेवते. बेबीताईंचा लावला, तो लागतच नव्हता. तो तिसरा नंबर शोधायला लागला. मी म्हटलं, “फोन सोडा, गाडी काढा.” आणि आम्ही निघालो.

त्या रस्त्यावर मी हजारदा गेले असेन. त्या दिवशी तो संपतच नव्हता. दोन्हीकडे कपाशी, मध्ये खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि समोरून आत्याबाईंचा आवाज येतोय. मी मनात म्हणत होते, बोलत राहा आत्याबाई, थांबू नका. जोवर आवाज येतोय तोवर त्या आहेत. प्रफुल्लही तेच ऐकत असणार, कारण प्रत्येक शब्दाला त्याची पाठ हलत होती. मी त्याला घट्ट धरलं होतं.

आणि आवाज थांबला.

वाक्याच्या मध्येच थांबला. भोंग्यातून काहीच येईना. घुं नाही, खरखर नाही, कुणाची कुजबुज नाही. प्रफुल्लच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी कुठल्या माणसाचा म्हणून ऐकलेला नव्हता. मी डोळे मिटून घेतले. मला रवी दिसला, ओल्या मातीवर पडलेला, आणि त्याच्या जागी आत्याबाई, आणि त्यांना सोडवायला धावलेली दीपा. दीपा त्यांना धरणारच. आजीला सोडून ती पळणार नाही.

वेशीजवळ आवाज परत आला. खोकल्यासारखं काहीतरी, मग पुढचा शब्द. पाणी प्यायला थांबल्या होत्या, हे मागाहून कळलं. पण प्रफुल्ल आता काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. विहारापुढे त्याने गाडी नुसती सोडून दिली, ती माझ्या पायावर पडता पडता राहिली. तो चपलांसकट आत धावला. ज्या माणसाने विहाराच्या उंबऱ्यावर कधी चप्पल टेकवली नव्हती, तो चिखलाच्या चपलांनी धुतलेल्या फरशीवरून गेला आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. टीव्ही गेला. भोंगा मेला. आत्याबाईंचा बारीक आवाज तेवढा अर्धा शब्द पुढे गेला आणि थांबला. पंचवीस-तीस बायका-माणसं मान वळवून बघायला लागली.

“कोनं मोडली पिन?” प्रफुल्ल ओरडला. “बोला! कोनं मोडली?”

बेबीताई उठल्या. “कोनीच नाही मोडली बापा. काय झालं तुमाले?”

“खोटं नोका बोलू! सारे खोटंच बोलते. मी बी बोललो नाही. मीच मोडली होती! रव्याच्या टायमाले मीच मोडली होती पिन, देवीलालच्या मीटरात काही नव्हतं, मीच पकडीनं मोडली अन् खिशात घातली!”

बोलता बोलता त्याने गुडघ्यावर बसून ॲम्प्लिफायरचा प्लग उपसला होता. आता त्याने तो डोळ्यांपुढे धरला. तीन पिना होत्या. वरची जाडी, पितळी, जिथल्या तिथे.

तो प्लगकडे बघत राहिला. मग त्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण त्याने हळूहळू मान वर केली आणि आईकडे पाहिलं.

दीपा रडायच्या बेतात होती. “बाबा, मी बसवला,” ती म्हणाली. “तो दोरा. सकाळी बसवला. म्हणून घुं गेली. पिनीले मी हात नाही लावला, खरंच नाही लावला.” मेन स्विच बंद होता, त्यामुळे तिला तो लाल उजेडही दाखवता येईना. ती नुसती त्या दोऱ्याचं टोक धरून उभी राहिली.

आत्याबाई बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या. एक बोट अजून पानावर होतं. त्यांनी विचारलं, “घुं वाजत होती म्हनून मोडली?”

“हो माय.”

“लोक बोलत होते म्हनून?”

“हो.”

“मंग देवीलालच्या घराले मी काहून शिव्या देत राह्यली?”

मला वाटलं त्या आता उठतील आणि त्याच्या कानाखाली मारतील. खरं सांगते, मारली असती तर बरं झालं असतं. त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. पण त्या दीपाकडे वळल्या.

“लाइट लाव.”

दीपाने माझ्याकडे पाहिलं. मी प्लग प्रफुल्लच्या हातातून घेतला, भिंतीत बसवला, तेव्हा तिने स्विच वर केला. पंखे फिरले. त्या दोऱ्याच्या टोकाशी, डबीजवळ, एक लाल ठिपका पेटला. घुं नाही. नुसता भोंगा उघडा असल्याचा श्वास.

आत्याबाईंनी माइक बाजूला ठेवला होता. तो त्यांनी उचलला नाही. बोटाने दाखवला.

“आधी तू पकड.”

प्रफुल्लच्या कपाळावरून घाम ओघळत होता. टेस्टर त्याच्या खिशात होता, मला दिसत होता. तो लावेल असं वाटलं. त्याने नाही लावला. त्याने चपला काढल्या. आधी एक, मग दुसरी, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्याला कशालाही इतकं हळू हात लावताना पाहिलं नव्हतं. हाताची पालथी बाजू आधी टेकवली, कारण करंट असला तर पालथा हात झटकला जातो, चिकटत नाही. काही झालं नाही. मग ट्यूबच्या वरच्या उघड्या धातूवर त्याने मूठ आवळली.

मला त्याच्याकडे बघवेना आणि नजर काढताही येईना. दीपाने माझा पदर धरला होता.

“बोल,” आत्याबाई म्हणाल्या.

“हॅलो,” तो म्हणाला. सगळ्या गावावर तो शब्द गेला, साफ, भुंग्याशिवाय. “माइक टेस्टिंग.”

रवी गेल्यापासून हे दोन शब्द त्याने उच्चारले नव्हते. टेस्टिंग तो बोटाने टिचक्या मारून करायचा. आत्याबाईंचे डोळे भरले, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला, सुटलेला शब्द बोटाने शोधला आणि वाचायला लागल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि वाचन संपेपर्यंत सोडलं नाही. पान उलटायचं आलं की दीपा उलटायची. राग होता की माया, मला अजून सांगता येणार नाही. धरलं मात्र इतकं घट्ट की मनगटावर बोटं उमटली होती.

वाचन झालं, लोक पांगले. बेबीताई जाताना प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या, काही बोलल्या नाहीत, आणि त्यांनी न बोलणं ही मोठीच गोष्ट आहे. पायऱ्यांवर आत्याबाई चपला घालत होत्या. प्रफुल्ल खाली वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा सरळ करत होता.

“उद्या सकाळी गाडी काढजो,” त्या म्हणाल्या. “तांड्यावर जाऊ.”

“हो माय. मी सांगतो देवीलालले. सारं सांगतो.”

“तूच सांगशीन. मले काही बोलाचं नाही.” त्या उठल्या, एक हात माझ्या खांद्यावर टेकवला. “मी सुखीबाईच्या हातचं पानी पेऊन येईन.”